न पुजलेली हत्यारं

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं प्रेमा, तू होय! थांब, थांब, जरा दम घेऊ दे. दोन जिने धावत उतरून आलेय. शेवंतीवहिनींनी खालून हाक मारली, "सुगंधा, बहिणीचा फोन!" म्हणून, तर गॅस बंद केला की नाही तेही आठवत नाही… केला असेल. नाहीतर वास येईलच.

हं, बोल. मीरा पोचली ना तुमच्या फॅक्टरीत?… पोचली? सुटले बाई. कधीची?… मग काही खाल्लं का तिनं?… अगं, सकाळी चहासुद्धा घेतला नाही. तशीच पिशवी खांद्याला लावली आणि चालू पडली. नाक हे एवढं वर.

भांडण? छे, भांडण कुठलं… हो. झालं भांडण. कडाक्याचं झालं. तुला तिनं सांगितलं वाटतं?… मग तोंडावरून कळलं होय? तोंड तिचं आईवर गेलंय, लपत नाही काही.

अगं ऐक ना, माझं काय चुकलं ते तूच सांग. आज खंडेनवमी. आज घरातली हत्यारं पुजायची, उद्या दसऱ्याला उचलायची, मधे हात लावायचा नाही. आपली आई विळी पुजायची आणि आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवायची, आठवतं ना?… हां, आणि तू त्या विळीवर गुपचूप कैरी कापलीस आणि बोट कापून घेतलंस! मग? उगाच म्हणतात का?

तर मी पाट मांडला. यांचा धोटा ठेवला… हो गं, गिरणीतलाच, मागावर सूत नेणारा. माग गेला, साचा गेला, संपात गिरणीच गेली, पण तो लाकडी धोटा यांनी ठेवलाय. आता स्टुडिओच्या गेटवर वॉचमन आहेत, पण वॉचमनची काठी नाही पुजत. धोटाच पुजतात. हळदकुंकू लावतात आणि मग दुपारपर्यंत त्याच्यासमोर बसून राहतात. मला ते बघवत नाही, प्रेमा. म्हणून यंदा म्हटलं, त्या धोट्याच्या शेजारी पोरीची हत्यारं मांडू. आयटीआय पास झालीय, स्वतःचे पाने आहेत, स्क्रू ड्रायव्हर आहेत, पक्कड आहे. म्हटलं, यांना बरं वाटेल. घरात परत एक हत्यार चालवणारं माणूस आलं म्हणून.

तर ही म्हणते, "आई, आज इंटरव्ह्यू आहे, हत्यारं घेऊन बोलावलंय." मी म्हटलं, देवापुढे ठेवल्याशिवाय नेऊ नकोस! न पुजता हत्यार बाहेर काढलं तर काम कसं होईल? ती म्हणते, "पुजली तर कामच कसं करू?" झालं. मी ओरडले, ती ओरडली, हे धोटा पुसत बसले. आणि गेली ती.

तुमचा शेठ पण काय माणूस आहे गं! वर्षाचे इतके दिवस सोडून खंडेनवमीलाच इंटरव्ह्यू?… अच्छा… अच्छा, आज श्रीखंडाची मशीनं धुऊन-पुसून पुजलेली, काम बंद, म्हणून त्याला वेळ आहे. बरोबर आहे त्याचं. श्रीखंड काल रातोरात करून ठेवलं असेल सगळं… बरं, चक्का तयार आहे, उद्या पहाटे घोटायचा. हां हां.

घे, घे, दुसरा फोन वाजतोय तो घे. मी आहे…

अहो वहिनी, बसू का जरा? बहीण माझी, प्रेमा. अंधेरीला श्रीखंडाच्या फॅक्टरीत असते ना, ऑफिसात. आज तिच्याकडे दोन-दोन फोन. उद्या दसरा, अख्ख्या मुंबईला श्रीखंड हवं… ऐकू येतंय मला इकडे. कोणाला तरी केशराचं पाच किलो पाहिजे. वेलचीचं नको म्हणतात… हो, मीरा तिथेच गेलीय. अप्रेंटिस म्हणून घेतात का बघायला.

हं, बोल गं. झाली ऑर्डर?… मग इंटरव्ह्यू झाला का?

काय म्हणाला?

ऑफिसात?… टायपिंग? अगं तिला टायपिंग कुठे येतं! ती रेफ्रिजरेशन शिकलीय दोन वर्षं. माणिकशेठला सांगितलं नाहीस तू?… सांगितलंस. मग?… "मुलगी आहे, बाहेर बसली तर बरी दिसेल"? दिसायला काय शोकेसमध्ये ठेवायचीय? आणि तुमचा तो फोरमन, धोंडिराम?… हं… हं… "मशीनवर बाईमाणूस नको." असं तोंडावर बोलला? मीरानं काय केलं?… पिशवीचा बंद आवळला आणि बाहेर आली? मग जास्त लागलं असेल गं तिला.

आता कुठेय?… पॅकिंगच्या खोलीत. स्टुलावर. पिशवी मांडीवर घेऊन… "दिवाळीनंतर बघू" म्हणाले.

दिवाळीनंतर म्हणजे कधीच नाही, प्रेमा. हे आपल्याला काय नवीन आहे का? गिरणीवालेही दिवाळीनंतर बघू म्हणाले होते.

नाही, रडत नाही मी. नाक चोंदलंय… बघ, मी म्हटलं होतं. न पुजता नेली हत्यारं. मी म्हटलं होतं की नाही?… असं कसं काही संबंध नाही? तू शिकलेली आहेस, तू बोल काहीही.

आणि माझंच चुकलं. मीच तिला शिवणक्लासला घालणार होते, तिथे गेली असती तर आज घरी बसून ब्लाऊज शिवले असते, कोणी नको म्हटलं नसतं. ते अहिरे सर आले ना घरी, आयटीआयचे. चहा प्यायले आणि मला म्हणाले, "ताई, शिवणारणी गोरेगावात गल्लीगल्लीत आहेत. थंड करणारी एक दाखवा. स्टुडिओत एसी आहेत, अंधेरीला डेअऱ्या आहेत, खारदांड्याला कोळ्यांना बर्फ लागतो. काम इथेच तुमच्या दाराशी आहे, हात नाहीत." मला पटलं. सर बोलतात गोड. खरं सांगते, मला पहिलं वर्षभर कळेचना हे कसलं शिक्षण. रोज येऊन सांगायची, "आज कानस घासली." उद्या काय? "कानस." लोखंड घासून घासून हाताला घट्टे. मी म्हणायचे, घासायचंच आहे तर घरची भांडी काय वाईट आहेत? पण मग दुसऱ्या वर्षी सरांनी पोरांना खारदांड्याच्या बर्फाच्या फॅक्टरीत नेलं. आली तेव्हा अंगाला मासळीचा वास, आणि तोंड बघायला हवं होतंस, झकास एकदम. म्हणाली, "आई, मी हात लावला आणि मशीनला काय होतंय ते कळलं." तेव्हापासून मी काही बोलले नाही. म्हणजे, कमी बोलले.

काय?… काय गं, आवाज कसला तो?… कोण ओरडतंय?… काय बंद पडलं?

कोल्ड रूम?… म्हणजे तो चक्का ठेवलाय तीच?… अगं बाई! सगळा चक्का?… मग मेकॅनिकला बोलवा ना… नाही येत? का नाही येत?… त्याच्याकडे पण खंडेनवमी! त्याचीही हत्यारं पाटावर. बोंबला! मग धोंडिरामला म्हणावं, तू बघ… तो काय म्हणतो?… "पुजलेला पाना उचलणार नाही, नोकरी गेली तरी चालेल."

नाही, बरोबर आहे गं त्याचं, मी त्याला नावं नाही ठेवत. मी पण नसता उचलला. हळदकुंकू लावलेलं हत्यार उचलायचं म्हणजे… मग दुसऱ्याची आणा. शेजारच्या फॅक्टरीतून… त्यांची पण पुजलेली. हो, असणारच. अख्ख्या अंधेरीत आज मोकळा स्क्रू ड्रायव्हर मिळायचा नाही.

थांब.

प्रेमा, थांब. मीराची!

अगं मीराची हत्यारं! पुजली कुठेत तिची? मीच सकाळपासून घसा फोडतेय त्याच्यावर! अख्ख्या फॅक्टरीत न पुजलेली पिशवी एकच, ती तिच्या मांडीवर आहे. आणि पोरगी तेच शिकून आलीय दोन वर्षं! फोन कसला धरून बसलीस, जा ना! शेठला सांग!… तो नाही म्हणाला तर म्हणावं, मग विका आंबट श्रीखंड उद्या!… ठेवू नकोस, ठेवू नकोस, बाजूला ठेव नुसता. मी धरून आहे. पळ!

…गेली. अहो वहिनी, तुम्ही पण ऐकताय ना? तिथे लाखो रुपयांचं… किती ते मला ठाऊक नाही, पण पिंपच्या पिंप चक्का आहे हो. आणि मशीन बंद. आणि पुरुषमाणसं सगळी हात जोडून उभी… पाणी नको. बरं, द्या घोटभर.

आणि ती करेल का हो, वहिनी? आत्तापर्यंत सरांच्या नजरेखाली केलंय सगळं. आता सर नाहीत. त्यात सकाळपासून उपाशी. त्यात माझ्याशी भांडून गेलेली… आणि अजून एक गंमत झालीय. सांगू का? हसू नका. ती आंघोळीला गेली तेव्हा मी पिशवीतून तिची पक्कड काढून घेतली. एकच! म्हटलं, देवापुढे एक तरी हत्यार असू दे पोरीचं. यांच्या धोट्याशेजारी ठेवलीय, वर झेंडू ठेवलाय, म्हणजे दिसायला नको. आणि पिशवी हलकी लागली असती ना, म्हणून… जाऊ दे. नंतर सांगते.

हॅलो?… हॅलो, प्रेमा?… नाही, ऑफिसात आलेल्या कुणा गिऱ्हाइकानं फोन उचललाय, "श्रीखंड मिळेल का" विचारतंय. मी कुठून देऊ!… हॅलो, कोण बोलतंय? त्या कामात आहेत… अहो मी फॅक्टरीची नाही, मी गोरेगावची… ठेवला परत बाजूला.

हं! प्रेमा! आली का? दम खा आधी. मग सांग. नको, दम नको खाऊ, सांग!

हं… हं… शेठ हो म्हणाला. आणि धोंडिराम?… "बघू दे, बिघडलेलंच आहे, आणखी काय बिघडवणार." हे बरं! असंच माझ्या सासूबाई माझ्या हातात पहिल्यांदा पोळपाट देताना म्हणाल्या होत्या. पुढे?

पहिलं मेन स्विच बंद केलं… बरोबर. सरांनी ते घोकून घेतलंय सगळ्यांकडून. घरी ट्यूब बदलायची तरी मेन बंद करते, अंधारात बसवते आम्हाला… मग?… नुसती उभी राहिली? हात लावून?… धोंडिराम म्हणाला, "झोपली काय?" बघ मेल्याला! मग?

कसला हार?

थांब, नीट सांग, मला कळू दे. मशीनच्या मागे पंखा असतो, तो गरम हवा बाहेर टाकतो. हां. त्याला पुढे जाळी. आणि त्या जाळीवर कोणीतरी झेंडूचा हार घातला… आणि पंख्यानं तो आत ओढला! अगं बाई! पाकळ्या सगळ्या आत अडकल्या, दोरा दांड्याला गुंडाळला, पंखा थांबला, मशीन तापलं आणि आपोआप बंद पडलं. अगदी बरोबर, तापणारच. मला झेंडूचा हार घालून गच्च बांधलं तर मी पण बंद पडेन!

आणि हार घातला कोणी?

धोंडिरामनं?… स्वतः?… हा हा हा… थांब, वहिनींना सांगते. अहो वहिनी, तो जो म्हणतो ना बाईमाणूस नको, त्यानंच हार घालून मशीन बंद पाडलं!… मीरा काय म्हणाली त्याला? बोलली नाही ना काही?… "काका, हार छान होता, जागा चुकली." शहाणी माझी! काका म्हणाली ना? मग राग नाही येणार.

पुढे सांग. जाळी काढली. हं. दोरा गुंडाळलाय दांड्याला, मागे, तापलेल्या नळ्यांच्या मधे. हात घालता येत नाही, भाजतं. मग पक्कड घालायची आत… पक्कड…

पक्कड नव्हती पिशवीत?

असं?… काय सांगतेस. कुठे गेली बरं… मला काय माहीत? मी कशाला हात लावतेय तिच्या… काय सापडलं?

सांडशी?

…माझी, पातेलं उतरवायची?… बरं, मग ती तिथे कशी गेली असेल… हसतेस काय! हो, घातली, मीच घातली! पिशवीचं वजन सारखं लागायला नको? देवापुढे ठेवायला पक्कड घेतली आणि बदली सांडशी घातली! अगं, सगळ्यांसमोर काढली तिनं? हसले असतील सगळे… शेठ पण हसला. वाट लागली. पोरीची पार अब्रू घालवली मी.

काय?… तिनंच दोरा काढला?

खरंच?… सांडशीनं? आत घालून, चिमटीत धरून… माळच्या माळ बाहेर! अगं दांडे लांब आहेत सांडशीचे, म्हणून! पक्कड पोचलीच नसती तिथपर्यंत, माझी सांडशी पोचली! वहिनी, ऐकलंत? सांडशीनं काढलं! नाही, आता बोला म्हणावं मला कोणीतरी!

मग झालं ना सुरू?… का नाही?… थांबा म्हणाली? कोणाला थांबा म्हणाली, माणिकशेठला?… तो म्हणतो, "चालू कर, चालू कर, चक्का जाईल", आणि ही म्हणते, "मशीन थंड होऊ दे, आत्ता चालू केलं तर कायमचं जाईल. कोल्ड रूमचं दार उघडू नका, चक्क्याला काही होत नाही." आणि त्यानं ऐकलं?… स्टूल घेऊन बसलाय समोर? पोरीच्या शेजारी? दोघं बसलेत दाराकडे बघत! अरे देवा. मला बघायला हवं होतं गं हे.

मी पण थांबते. तू आपली ऑर्डरी घे… घे गं. एवढी मी तिच्या बारशाला नव्हते घाबरले.

…हो वहिनी, थंड व्हायला लागतो वेळ. तेवढं मला पण माहीत आहे आता. ती रात्री जेवताना सांगते ना, हे विचारत बसतात. गिरणीतल्या साच्याबद्दल हे सांगणार, फ्रीजबद्दल ती सांगणार. मला मधे मीठ वाढायला पण जागा नसते.

हं. काय?… बटण दाबलं?… आणि?

फोन तिकडे धर. धर ना गं दाराकडे! फोनची वायर पुरेल तेवढी ने… 

…वहिनी, या, कान लावा. येतंय?… घरघर… हो, तेच. तेच मशीन. चालू झालं. चालू झालं हो!

प्रेमा! प्रेमा, ऐकलं मी! अगं गो बाय माझी! नाही, आता रडतेच आहे, नाक-बिक काही चोंदलेलं नाही. रडू दे मला.

शेठ काय म्हणाला?… टायपिंगचं काय आता?… काढलंच नाही तोंडातून! मग?… अप्रेंटिस. नक्की? तोंडी नको, आपण तोंडी बघून झालंय… कागद करायला सांगितलाय? तुलाच? मग बस ना टायपायला, माझ्याशी काय बोलतेस! आत्ता टाइप कर, सही घे, शाई वाळू दे आणि मग त्याला श्रीखंड विकू दे.

आणि धोंडिराम?… हं… तो काय करतोय?… कुठे नेली पिशवी? तिची पिशवी का घेतली त्यानं?… सांग ना, पुढे काय केलं…

पाटावर?

आपल्या पान्यांच्या शेजारी… सगळ्यांच्या मधोमध. एकेक काढून मांडली. स्वतः हळदकुंकू लावलं… आणि काय म्हणाला?… परत सांग. सावकाश सांग. वहिनींना पण ऐकू दे.

"आता आमच्यातली झाली. आज कोणी उचलायची नाही. उद्या सकाळी ये, सोनं दे सगळ्यांना आणि आपल्या हातानं उचल."

…हो गं, आहे मी. लाईन नाही गेली. वहिनींना सांगत होते.

यांना जाऊन सांगते आता. नाही, सांगत नाही, इथेच आणते खाली, त्यांना तू सांग… बरं, मीरा आलीय? दे तिच्याकडे.

मीरा?… हं. मी. आई… जेवलीस का आधी?… प्रेमामावशीकडून डबा घे, मग बोल… हो. मीच काढली पक्कड. इथे आहे, बाबांच्या धोट्याशेजारी, वर फूल आहे. बाबांनी बघितली सकाळीच. तू गेल्यावर फूल उचललं, पाहिली आणि परत ठेवलं. आणि धोट्याला लावलेल्या कुंकवातलं बोट तिलाही लावलं त्यांनी… हो गं. मी काय खोटं सांगते?

नाही, मी रागावले नाही. तू रागावलीस का?… थोडीशी. बरं. घरी आल्यावर राग. उद्या लवकर उठ. सोनं मी आणून ठेवते, धोंडिरामकाकांना पहिलं दे आणि वाकून नमस्कार कर. हार घालायला मात्र परत देऊ नकोस त्यांना.

आणि येताना माझी सांडशी घेऊन ये… 

का?… काय म्हणालीस?… तीपण?… पाटावर? धोंडिरामनं? हळदकुंकू लावून?… मधोमध?

अगं पण मग उद्यापर्यंत मी भाताचं पातेलं कशानं उतरवू?… हसू नकोस, मीरे… नाही, नाही, खबरदार उचलशील तर! पुजलेली आहे ती. राहू दे तिथेच. तुझ्या हत्यारांत आहे, राहू दे. मी पदरानं उतरवीन.

ठेवते गं. वर भात आहे. अहो वहिनी, गॅस बंद केला नव्हता मी, वास आला बघा!